कापडात वीज शिवताना: मार्केट यार्डाजवळच्या शाळेतला एक पाठ



'स्मार्ट कपडे' हा शब्द आता तुमच्या कानावरून गेला असेल. हृदयाचे ठोके मोजणारं बनियन, बाहीवर बोट फिरवलं की गाणं बदलणारं जॅकेट, अंधार पडला की उजळणारी सायकलस्वाराची पाठ. विज्ञान पुरवणीत अशी चित्रं येतात, मुलं ती कापून वहीत चिकटवतात, प्रकल्पाचे गुणही मिळतात. त्या कापडाला मात्र वर्गातल्या एकाही मुलाचा हात लागलेला नसतो. म्हणून आज असा पाठ सांगते, जो सुई, दोरा, एक एलईडी आणि एक बटण सेल एवढ्यावर घेता येतो. सहावी ते आठवीच्या मुलांना तो छान जमतो. विज्ञान, कार्यानुभव, गणित आणि थोडं नागरिकशास्त्र, असे चार तास त्यात एकत्र येतात.

माझी शाळा मार्केट यार्डाच्या जवळ आहे. कुणाचे वडील भुसार विभागात हमाल, कुणाचे तोलणार, कुणाचे टेम्पोवर. कुणाची आई लसूण-कांदा निवडायला जाते, कुणाची फुलबाजारात हार ओवते. एकदोघांच्या घरचे गाळेही आहेत. बिबवेवाडी, अप्पर, गंगाधामच्या बाजूने ही मुलं चालत शाळेत येतात. 'अंगावरच्या कपड्यात तंत्रज्ञान घालायचं तर ते कसं असावं?' हा प्रश्न या मुलांसमोर ठेवला, तेव्हा खरी उत्तरं पुस्तकातून कमी आणि यार्डातून जास्त आली. ती तुमच्यापर्यंत पोचवावीत म्हणून हे लिहिते आहे.

कापड आणि वीज यांची जुनी ओळख

पहिला तास जरीपासून सुरू करा. मुलांना वाटतं, कापडातून वीज जाणं ही परदेशातली नवी करामत आहे. त्यांना विचारा, आजीच्या शालूचा काठ कशाचा आहे?

अस्सल जर म्हणजे धाग्याभोवती गुंडाळलेली चांदीची चपटी, केसासारखी बारीक तार आणि वर सोन्याचा मुलामा. चांदी हा विजेचा सर्वांत चांगला सुवाहक धातू. म्हणजे आपल्या पैठणीच्या काठात विजेची वाट पिढ्यान् पिढ्या विणलेली आहे, फक्त कुणी तिथे सेल जोडला नव्हता.

हे नुसतं सांगू नका, तपासू द्या. मल्टिमीटरवर 'टूं' वाजणारी खूण असते, तिथे काटा ठेवा. घरून जुन्या जरीचे तुकडे, फाटलेल्या ब्लाऊजचे काठ, टोपीची किनार, जे मिळेल ते आणायला सांगा. (चांगली साडी कापून आणायची नाही, हे दोनदा सांगा!) मल्टिमीटरची दोन टोकं काठावर बोटभर अंतरावर टेकवायची. आमच्या वर्गात काही तुकडे वाजले, बरेच मुके राहिले. का? कारण आजची बरीचशी जर ही प्लास्टिकच्या पातळ फितीवर धातूचा थर देऊन केलेली असते आणि त्यावर पारदर्शक लेप असतो. दिसायला सोनं, विजेच्या दृष्टीनं दुर्वाहक. 'चकाकतं ते सगळं सोनं नसतं' या म्हणीला मल्टिमीटरचा पुरावा मिळाला म्हणून मुलं खूश!

आणि ही गोष्टही जरूर सांगा. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत रेमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ हे संशोधक कापडावर विद्युत परिपथ तयार करत होते. त्यांनी त्यासाठी वापरलेलं एक कापड होतं भारतात विणलं जाणारं धातूच्या धाग्याचं रेशमी ऑर्गंझा. त्याचा ताणा साध्या रेशमाचा आणि बाणा तांब्याची पातळ पट्टी गुंडाळलेल्या रेशमाचा. त्यामुळे तांब्याचे धागे एकमेकांशेजारी, पण एकमेकांना न टेकता आडवे जातात. आपण संगणकात वापरतो त्या चपट्या वायरीसारखीच ही रचना! आपल्या विणकरांनी सौंदर्यासाठी केलेली वीण, प्रयोगशाळेत परिपथ म्हणून कामाला आली.

साहित्य कुठून आणाल?

एलईडी, बटण सेल, सेलचे होल्डर हे पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतं. टिचबटणं, हुक, सुया, जाड कापड यासाठी रविवार पेठेत बोहरी आळी आहेच. दुसऱ्या गावात असाल तर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आणि शिवणसाहित्याचं दुकान, या दोघांत काम भागतं.

वीज वाहून नेणारा दोरा दोन प्रकारचा असतो: एक स्टेनलेस स्टीलच्या अतिबारीक तंतूंचा, दुसरा नायलॉनवर चांदीचा मुलामा दिलेला. तो ऑनलाइन मागवता येतो. पण त्यावाचून अडू देऊ नका. साध्या लवचीक वायरीचं आवरण सोललं की आत तांब्याचे बारीक तंतू असतात. त्यातले तीन-चार एकत्र पिळायचे, कापडावर मांडायचे आणि वरून साध्या दोऱ्याने टाके घालून बसवायचे. भरतकाम करणाऱ्या आयांना ही पद्धत सांगावी लागत नाही.

मुख्य म्हणजे हे काम मुलगे-मुली दोघांनीही करायचं. सुई म्हणजे मुलींची आणि सेल म्हणजे मुलांचा, ही वाटणी या पाठात आपोआप मोडते. २००७ साली लीआ ब्यूकली या संशोधिकेने तयार केलेला 'लिलीपॅड' नावाचा, कापडावर शिवता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक संच बाजारात आला. पुढे अभ्यासात दिसलं की त्यावर प्रकल्प करणाऱ्यांत मुली-बायकांचं प्रमाण नेहमीच्या इलेक्ट्रॉनिक संचांपेक्षा कितीतरी जास्त आहे. शिवणाची टोपली विज्ञानाच्या टेबलावर आली, तर आजवर मागे बसलेली मुलं पुढे येतात. आमच्याकडेही पहिला दिवा पेटवला तो कपडे अल्टर करून देणाऱ्या शिंप्याच्या मुलाने. दुसरा एका मुलीने, जिला 'सायन्स जमत नाही' असं तिच्या प्रगतिपुस्तकात तीन वर्षं लिहिलेलं होतं.

कृती

१. जाड सुती कापडाचा हातभर तुकडा घ्या. पेन्सिलने सेलची जागा, दिव्याची जागा आणि दोन वाटा आखा. वाटा एकमेकींना ओलांडणार नाहीत असं बघा.

२. लाल एलईडीचे दोन्ही पाय चिमट्याने गोल वळवा. लांब पाय धन, आखूड पाय ऋण. वळवल्यावर लांबी कळत नाही, म्हणून धन पायाची कडी गोल आणि ऋण पायाची चौकोनी करा.

३. सेल होल्डरच्या धन टोकापासून दिव्याच्या धन कडीपर्यंत धावदोरा घाला. प्रत्येक कडीतून तीन-चार वेळा घट्ट टाका घ्या. सैल टाका म्हणजे कधी पेटणारा, कधी विझणारा दिवा.

४. ऋण वाटेत मध्येच दोरा तोडा आणि तिथे टिचबटणाचे दोन भाग लावा. बटण लावलं की परिपथ पूर्ण, काढलं की खंडित. मुलांना कळ या शब्दाचा अर्थ इथे बोटाने समजतो.

५. गाठींची शेपटं बारीक कापा आणि गाठीवर नेलपॉलिशचा थेंब द्या. लोंबणारं शेपूट दुसऱ्या वाटेला टेकलं की शॉर्टसर्किट.

६. शेवटी सेल बसवा.

एक दिवा जमला की दोन द्या. मुलं पहिल्यांदा एकामागे एक अशी एकसर जोडणी करतात आणि दिवे पेटत नाहीत, किंवा जेमतेम मिणमिणतात. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, दोघांना ४ आणि सेल आहे ३ व्होल्टचा. मग समांतर जोडणी करायची आणि दोन्ही लखकन पेटतात. त्यानंतर मुद्दाम एक लाल आणि एक निळा समांतर जोडायला सांगा. लाल पेटतो, निळा रुसतो, कारण निळ्याला ३ व्होल्टच्या आसपास लागतात आणि लाल दिवा विभवांतर खाली ओढतो. पुस्तकात जे पान मुलं पाठ करतात, ते इथे कापडावर घडतं.

सुरक्षिततेची सूचना, ही कृपया वगळू नका. बटण सेल लहान मुलाने गिळला तर अवघ्या दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. तास सुरू होताना सेल मोजून द्या, संपताना मोजून घ्या. घरी धाकटं भावंडं असेल तर सेल घरी पाठवू नका. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता रुग्णालय गाठायचं.

दप्तराविना एक दिवस, यार्डात

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागीर आणि व्यावसायिकांसोबत घालवावेत असं सुचवलं आहे. पुष्कळ शाळा हे दिवस कागदी फुलं आणि मेंदी यांत घालवतात. आपल्या दारात एवढा मोठा बाजार आहे, तर तिथे का नाही?

आम्ही गेलो. एक सूचना: पहाटे-सकाळी जाऊ नका. तेव्हा गाड्या खाली होत असतात, हातगाड्या धावत असतात, आपण मध्ये उभं राहणं कुणालाच परवडत नाही. दुपारी काम ओसरल्यावर, आधी परवानगी घेऊन जा. मुलांना एकच काम दिलं होतं: कोण काय घालतं, आणि का, ते बघा आणि विचारा.

पोरांच्या वह्या भरल्या. डोक्याला पटका, कारण पोत्याची धूळ आणि घाम दोन्ही थांबतं. मानेवर जाड टॉवेल, कारण गोणपाट कातडी सोलतं. शर्ट खांद्यावर आणि पाठीवर आधी विरतो, पुढून नवाच दिसतो. म्हणून काहीजण आतून दुसरं कापड लावून घेतात. फुलबाजारात मावश्या मांडीवर प्लास्टिक पसरतात, कारण फुलं ओली असतात आणि दिवसभर ओलं नेसून बसवत नाही. एका मुलाने लिहिलं होतं, 'हे कपडे आधीपासूनच हुशार आहेत.' मी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली, बरोबर म्हणून.

मग वर्गात येऊन मुलांनी कल्पना काढल्या. वाकून उचललं की वाजणारा शर्ट. घाम जास्त झाला की 'पाणी प्या' सांगणारं बनियन. अंधारात चमकणारी टोपी. चित्रं सुंदर होती. ती घेऊन आम्ही पुन्हा यार्डात गेलो आणि मुलांच्याच काका-मामांना दाखवली. खरा तास तो झाला.

"सेल ठेवायचा कुठं?" एका मामांनी विचारलं. "पाठीवर पोतं, खांद्यावर पोतं. दाबून भुगा हुईल त्याचा."

दुसरे म्हणाले, "घामाचं काय? आमचा शर्ट दुपारी पिळला तर पाणी निघतंय."

मुलांनी लगेच सांगितलं, ३ व्होल्टने शॉक बसत नाही. खरं आहे. पण घामात क्षार असतात, ते वीज वाहतात. दोन वाटांमधलं कापड ओलं झालं की वीज दिव्याला टाळून तिथूनच जाऊ लागते आणि चांदीचा मुलामा काळा पडून खराब होतो. म्हणजे मामांची शंका शॉकच्या बाबतीत चुकीची, पण परिपथाच्या बाबतीत अगदी अचूक.

तिसऱ्यांनी धुण्याचं काढलं. "रोज धुतो, साबण लावून, आपटून. तुमची वायर किती दिस टिकंल?"

आणि एक काका सगळी चित्रं बघून झाल्यावर म्हणाले, "ते बाकी ऱ्हाऊ द्या बाळांनो. पहाटं गाडी मागं येती तवा डायवरला आमी दिसत न्हाई. तेवढं करा."

दहा धुण्यांचं जॅकेट आणि चार दिवसांचा सेल

त्यांच्या धुण्याच्या प्रश्नाला जगातलं एक उदाहरण जोडून वर्गात चर्चा घ्या. २०१७ साली गुगल आणि लेव्हाइज या कंपन्यांनी मिळून एक डेनिम जॅकेट काढलं. बाहीत वीजवाहक धागे विणलेले, बाहीवर हात फिरवला की फोनवरचं गाणं बदलायचं, रस्ता कळायचा. किंमत ३५० डॉलर. आणि सांगितलं होतं की साधारण दहा धुण्यांपर्यंत हे टिकेल. २०२३मध्ये त्याचं ॲपही बंद झालं. जॅकेट उरलं, हुशारी गेली.

आता हेच गणित यार्डाला लावा. रोज शर्ट धुणाऱ्या माणसाला दहा धुणी म्हणजे दहा दिवस. जगातल्या मोठ्या कंपन्यांनी केलेलं कापड मार्केट यार्डात दीड आठवडाही चाललं नसतं. मुलं हे ऐकून हसली नाहीत, गप्प झाली. कारण त्यांनी कपडे धुणारी आई डोळ्यांसमोर आणली.

सेलचंही गणित घ्या. सीआर २०३२ या बटण सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. दिवा १० मिलिअँपिअर ओढतो असं धरलं तर २२० भागिले १०, म्हणजे २२ तास. प्रत्यक्षात त्याहून कमीच. पहाटे रोज पाच तास दिवा लावला तर सेल चार दिवसांत संपणार. महिन्याला सात-आठ सेल. आता सेलची तुमच्या दुकानातली किंमत धरून खर्च काढा आणि मग विचारा: हा खर्च कोण करणार? शर्ट घालणारा, की ज्याचा माल तो उचलतो तो? आठवीच्या मुलांना हा प्रश्न कळतो. नीट कळतो.

वीज नसलेलं उत्तर

मग 'डायवरला दिसत न्हाई' याचं काय केलं? मुलांनी दिव्याची टोपी, दिव्याचा पट्टा आणि तिसरी एक गोष्ट करून तुलना केली. तिसरी गोष्ट म्हणजे रस्त्यावरच्या कामगारांच्या जॅकेटवर असते तशी परावर्तक पट्टी. तिच्यात काचेचे अतिसूक्ष्म मणी असतात. साधा आरसा प्रकाश दुसरीकडे फेकतो. हे मणी तो जिकडून आला तिकडेच परत पाठवतात. म्हणून गाडीच्या दिव्याचा उजेड चालकाच्या डोळ्यांकडे परततो.

हा प्रयोग जरूर करा. वर्गाच्या खिडक्या झाका. एका मुलाच्या पाठीवर पट्टी लावून त्याला लांब उभं करा. दुसऱ्याने बॅटरी आपल्या डोळ्याशेजारी धरून प्रकाश टाकायचा. पट्टी पेटल्यासारखी दिसते. आता बॅटरी हात लांब करून बाजूला धरा, पट्टी मंद होते. का, ते मुलं स्वतः मांडतात.

पट्टीला सेल नाही, चार्जिंग नाही. धुतली तरी बरीच टिकते, पोतं ठेवलं तरी भुगा होत नाही. पण ट्रकचा मागचा दिवा बंद असेल आणि चालक आरशात बघत असेल, तर पट्टीला परत पाठवायला उजेडच नाही. तिथे स्वतःचा उजेड असलेला दिवा हवा. म्हणून मुलांनी शेवटी बिनबाह्यांची बंडी केली: पाठीवर आणि दंडांजवळ परावर्तक पट्ट्या, आणि छातीच्या वरच्या बाजूला, जिथे पोतं टेकत नाही तिथे, टिचबटणांनी लावता-काढता येणारा दिव्याचा छोटा तुकडा. धुताना तो तुकडा काढायचा. परिपथ कपड्यात कायमचा शिवायचा नाही, हा निर्णय मुलांचा. त्यामागचं कारण मामांचं.

इथे एका मुलीविषयी सांगायला हवं. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायासमोर ती नेहमी 'नोकरी' लिहायची. चौकशी केली तर मान खाली. तिच्या वडिलांनी ही बंडी आठवडाभर कामावर घातली आणि दर संध्याकाळी तिला सांगितलं: पट्टी काखेत घासते, दोन बोटं वर घे. तिसऱ्या दिवशी एक टाका उसवला. दिवा पाच वाजता लावला, उजाडल्यावर काढला. तिने ते सगळं तारखेसह लिहून काढलं. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर मार्गदर्शक म्हणून शिक्षकाचं नाव लिहायची पद्धत आहे. तिने माझ्या नावाखाली आणखी एक ओळ लिहिली होती: 'चाचणी आणि सल्ला: माझे वडील, हमाल, भुसार विभाग.' मी काही बोलले नाही. मात्र ते पान फलकावर लावलं.

मोजमाप कुणाच्या हातात?

आता या पाठाचा तो भाग, जो पालकांनी विशेष लक्ष देऊन वाचावा.

वाकलं की वाजणारा शर्ट दाखवला तेव्हा एका वयस्क काकांनी विचारलं होतं, "वाजंल ते ठीक. पण आमी किती वेळा वाकलो, किती बसलो, हे कुणाला कळवणार तुमचा शर्ट?"

यावर मुलांकडे उत्तर नव्हतं. आपल्याकडे तरी आहे का? नागपूर महापालिकेने सफाई कामगारांना जीपीएस असलेली घड्याळं दिली होती. कामगार कुठे आहे, कामाच्या हद्दीत आहे का, हे त्यावरून कळायचं. कामगारांनी तक्रारी केल्या, विरोधही केला. अंगावर कायम नजर असल्यासारखं वाटतं, हे त्यांचं म्हणणं होतं. घड्याळ तेच, सेन्सर तोच. हौशी धावपटू ते स्वतः विकत घेतो, आकडे स्वतः बघतो आणि खूश होतो. कामगाराच्या हातात ते वरून बांधलं जातं आणि आकडे दुसराच बघतो. तंत्रज्ञान एकच असलं तरी या दोन गोष्टी सारख्या नाहीत, हे मुलांना शिकवणं एलईडी पेटवण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

याच यार्डाचं उदाहरण वर्गात घ्या. पूर्वी पोतं शंभर किलोचं असायचं. ते पन्नासवर यावं यासाठी हमालांच्या संघटनांनी मोठा लढा दिला. बाबा आढावांनी उभी केलेली हमाल पंचायत, १९६९चा माथाडी कायदा, हे सगळं आपल्या मुलांच्या घरचं आहे. पण ते आपल्या वर्गात क्वचित येतं. पाठीचा मणका किती वाकतो हे शर्टातला सेन्सर दाखवेल. पण पोतं अर्ध्यावर आणलं ते माणसांनी एकत्र येऊन मागितल्यामुळे. सेन्सरचे आकडे त्या मागणीच्या बाजूने पुरावा म्हणून उभे राहू शकतात, किंवा 'हा कमी उचलतो' म्हणून विरोधातही. आकडे कुणाच्या हातात आहेत यावर ते ठरतं.

पालकांनो, हाच प्रश्न आपल्या घरातही येतो. मूल कुठे आहे ते कळावं म्हणून आपण त्याला जीपीएस घड्याळ बांधतो. काळजीपोटी बांधतो, मान्य. पण ती माहिती आपल्याशिवाय आणखी कुणाकडे जाते? मुलाला ते ठाऊक आहे का? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची अट आहे. म्हणजे 'मान्य आहे' हे बटण दाबणारा अंगठा आपला आहे. दाबण्याआधी एकदा मुलाशी बोला.

फाटल्यावर काय?

शेवटच्या तासाला आणखी एक प्रश्न घ्या. साधा शर्ट फाटला की त्याचं फडकं होतं, पायपुसणं होतं. दिवे आणि सेल शिवलेला शर्ट फाटला तर तो कोणत्या डब्यात जाईल? ओला, सुका, की ई-कचरा? आणि तो वेगळा कोण करेल? कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत पुण्यात १९९३पासून कचरावेचकांचं संघटन करते आहे. त्यातल्या कुणा ताईंना शाळेत बोलवा आणि त्यांना तुमच्या मुलांनी शिवलेलं कापड दाखवा. टिचबटणाने वेगळा होणारा परिपथ का चांगला, हे त्या एका मिनिटात सांगतील.

मूल्यमापन कसं कराल?

दिवा पेटला म्हणजे पूर्ण गुण, असं करू नका. प्रत्येक गटाला हे पाच प्रश्न द्या आणि उत्तरांवर गुण द्या:

१. हे कोण घालणार? त्या व्यक्तीशी तुम्ही बोललात का?
२. त्यांनी नको म्हटलेली एक गोष्ट कोणती आणि तुम्ही तिचं काय केलंत?
३. किती धुणी टिकलं? मोजून सांगा.
४. महिन्याचा खर्च किती आणि तो कोण करणार?
५. यातून काही माहिती गोळा होत असेल तर ती कोण बघणार?

दुसऱ्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त गुण ठेवते.

ज्यांना पुढे जायचं आहे त्यांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम जरूर बघावा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये तो सुरू केला आणि गावाच्या गरजेतून, हाताने काम करत शिकण्याची पद्धत तिथे रुजवली. तिथली फॅब लॅबही बघण्यासारखी आहे.

तुमची शाळा बाजाराजवळ नसेल तरी काही बिघडत नाही. एसटी डेपो असेल, साखर कारखाना असेल, मासळीबाजार असेल, वीटभट्टी असेल. तिथे काम करणाऱ्या माणसाच्या कपड्यापासून सुरुवात करा. आणि पालकहो, तुमचं मूल उद्या सुई-दोरा आणि सेल घेऊन घरी आलं, 'तुमचा कामावरचा शर्ट बघू' म्हणालं, तर 'अभ्यास कर' म्हणून त्याला उठवू नका. शर्ट दाखवा, कुठे विरतो ते सांगा. सेल तेवढा मोजून परत पाठवा.